डी.एल.एड. झालं, टीईटी झाली, पण वजाबाकी शिकवता येत नाही

प्रश्न : मी २६ वर्षांची. पवित्र पोर्टलमधून, म्हणजे शासनाच्या शिक्षकभरतीतून, निवड होऊन एका वाडीवरच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागले. तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. तिसरीत १४ मुलं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मुलं ५२ मधून २७ वजा केले की ३५ लिहितात. पाच-सहा वेळा शिकवलं, फळ्यावर सोडवून दाखवलं, रोज दहा उदाहरणं घरी दिली, तरी उत्तर ३५च. माझं डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, खासगी अध्यापक विद्यालयात झालं. हजेरी कागदावर, आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, शाळेची रजिस्टरं भरली, सराव पाठांची टाचणं एकमेकींच्या वह्यांतून उतरवली. आता वाटतं, प्रशिक्षणच बोगस, तर मी शिक्षक कसली? मुक्त विद्यापीठातून बी.एड. करू, की स्पर्धा परीक्षेकडे वळू? आमचे गुरुजी म्हणतात, ‘पोरं घरूनच कच्ची आहेत, तुम्ही ऑनलाइन माहिती वेळेत भरा.’ मुलांना येत नाही हे वर सांगावं का, तेही कळत नाही.

उत्तर : आधी ते ३५ पाहू, बी.एड.चं नंतर.

५२ वजा २७ चं उत्तर ३५ दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतं. एक मूल एकक-एकक आणि दशक-दशक असं सुटं पाहतं आणि दरवेळी मोठ्यातून लहान वजा करतं : ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. त्याच्या डोक्यात ५२ ही एक संख्याच नाही, दोन शेजारी उभे अंक आहेत. दुसरं मूल हातचा घेतं, १२ मधून ७ घालवून ५ आणतं, पण दशक एकाने कमी करायला विसरतं : ५ मधून २, म्हणजे ३. पहिल्याला दशक सुटा करायचा म्हणजे काय ते ठाऊकच नाही. दुसऱ्याला ते ठाऊक आहे, पण लिहिताना एक पायरी गळते. दोघांचं उत्तर सारखं, औषध वेगळं. तुम्ही दोघांना एकच औषध पाच-सहा वेळा दिलंत.

आता २७ च्या जागी २८ घ्या. पहिल्या मुलाचं उत्तर येईल ३६, दुसऱ्याचं ३४, बरोबर उत्तर २४. कागद पाहताच कोण कुठे अडलंय ते दिसतं. एककांच्या अंकांत ५ चा फरक असेल (२ आणि ७, ३ आणि ८, १ आणि ६) तर दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन पडतात. म्हणून तपासायच्या उदाहरणात तसे अंक टाळायचे. एवढी साधी गोष्ट तुम्हाला दोन वर्षांत कुणी सांगितली नाही, आणि तुमच्या प्रशिक्षणात काय राहिलं याचं नेमकं उत्तर हे आहे. मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ असतील, पाठाच्या पाच पायऱ्यांची पंचपदी येत असेल, सूक्ष्म अध्यापनात ‘प्रश्न विचारण्याचं कौशल्य’ही झालं असेल. वजाबाकीत मुलं कशी चुकतात आणि ती चूक उघडी पाडणारं उदाहरण कसं निवडायचं, एवढंच तेवढं राहिलं. अमेरिकेतले ली शुलमन यांनी १९८६ साली हेच मांडलं होतं : विषय येणं ही एक गोष्ट, शिकवण्याच्या सामान्य युक्त्या येणं ही दुसरी, आणि हा विषय मुलांना कळेल असा कसा मांडायचा हे ज्ञान तिसरं. शिक्षकाचं खास असं ज्ञान हे तिसरं. आपल्याकडच्या बऱ्याच अध्यापक विद्यालयांत तेच वगळलं जातं.

‘प्रशिक्षण बोगस, म्हणून मी बोगस’ या वाक्याचा पूर्वार्ध मान्य करायला हरकत नाही. त्यात तुम्ही एकट्याही नाही. महाराष्ट्रातल्या डी.एड. (म्हणजे आताच्या डी.एल.एड.) महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातूनच २०११ साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. देशभरातल्या शिक्षक-प्रशिक्षणाची झाडाझडती आपल्याच राज्यातल्या कॉलेजांमुळे सुरू झाली, हे फारसं कुणी बोलत नाही. पुढे गाळण्या लागल्या, पण त्या कशाच्या? टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, १५० बहुपर्यायी प्रश्न. निवडीसाठीच्या अभियोग्यता चाचणीत, म्हणजे टेटमध्ये, २०० प्रश्न आणि १२० मिनिटं. त्यात सगळी अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता. या दोन्हींत उमेदवाराला मुलासमोर उभं करून कुणी पाहत नाही. तेव्हा तुम्ही पास झालात हे खरं, आणि तुम्हाला शिकवता येतं का हे कुणी तपासलं नाही हेही खरं. उत्तरार्ध मात्र खोटा आहे. जे राहिलंय त्याला हद्द आहे : तिसरी-चौथीच्या गणितात मुलं हमखास अडखळतात अशा जागा डझन-दीड डझन असतील. वर्षाला चार-पाच नीट धरल्या तर शिक्षणसेवकपदाची तीन वर्षं संपेपर्यंत तुमचा हात बसलेला असेल.

बी.एड.ने हे भरून निघेल का? मला नाही वाटत. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. हीच योग्य अर्हता आहे आणि बी.एड. चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. बी.एड. ही तुमच्या पदविकेच्या वरची पायरी नाही, ती मुख्यतः माध्यमिकची वेगळी वाट आहे. पुढे माध्यमिककडे जायचं असेल तर जरूर करा. पण १६,००० रुपयांच्या मानधनातून फी भरून, सुट्ट्या संपर्कसत्रांत घालवून तिसरीची वजाबाकी सुधारेल या आशेने करू नका. याच बाबतीत १९९० च्या दशकातली एक गाजलेली तुलना आठवते. अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना हातच्याची वजाबाकी कशी शिकवाल, असं विचारलं होतं. अमेरिकी शिक्षक पदवीधर, चिनी शिक्षक नववीनंतर दोन-तीन वर्षांचं अध्यापन शिक्षण घेतलेले. दशक सुटा करण्याची संकल्पना नीट सांगणारे चिनी शिक्षकांत कितीतरी जास्त निघाले. ते शाळेत एकत्र बसून पाठ्यपुस्तकाची पानं अभ्यासत, एकमेकांचे तास पाहत. आपल्याकडे दोघंच शिक्षक असलेल्या वाडीवर हे कसं जमेल, ते पुढे सांगते.

पहिलं काम तपासणीचं. एका कागदावर पाचच उदाहरणं द्या, छापून किंवा फळ्यावर लिहून. तोंडी सांगू नका. मराठीत अठ्ठावीस म्हणताना आठ आधी येतो, एकोणतीस म्हणताना कानावर तीस पडतात, आणि मूल ८२ किंवा ३९ लिहून बसतं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक’ वरून (एकवीसऐवजी) २०१९ साली केवढा गदारोळ झाला होता. विनोद भरपूर झाले, पण अडचण खरी होती. तोंडी घेतलेल्या चाचणीत वजाबाकीची चूक कुठली आणि संख्यालेखनाची कुठली ते वेगळं काढता येत नाही.

उदाहरणं अशी : ४७ − २३, यात हातचा नाही, हेच चुकलं तर अडचण वजाबाकीच्या आधीची आहे. ५२ − २८, वर सांगितलेलं. ६० − ३४, कारण शून्य सगळं उघडं करतं : ३४ लिहिलं तर मोठ्यातून लहान, ३० लिहिलं तर ‘शून्यातून काही जात नाही म्हणून शून्य’, ३६ लिहिलं तर दशक कमी करायचा राहिला, बरोबर २६. मग ४३ − ७ आडवं लिहून द्या आणि मांडणी मुलाला करू द्या. ७ कुठल्या अंकाखाली येतो ते पाहा. शेवटी ८१ − ७९. इथे १८ लिहिणाऱ्या मुलाला ८१ आणि ७९ या अगदी जवळच्या संख्या आहेत हे दिसलेलंच नाही. ४०३ − १२८ सारखी तीन अंकी उदाहरणं सध्या लांब ठेवा.

कागद गोळा झाले की रोज दोन मुलांशी पाच-पाच मिनिटं बोला, मधल्या सुट्टीआधी किंवा परिपाठानंतर. एकच प्रश्न : ‘हे कसं केलंस ते मला सांग.’ चूक दुरुस्त करायची नाही, भुवई उंचवायची नाही, ‘नीट बघ बरं’ म्हणायचं नाही. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. बाईंनी ‘कसं केलंस’ विचारलं म्हणजे चुकलंय असं मुलांना कळून चुकलेलं असतं, म्हणून बरोबर आलेल्या उदाहरणांबद्दलही विचारा. वहीत चार रकाने करा : तारीख, नाव, लिहिलेलं उत्तर, मुलाचे शब्द. शब्द जसेच्या तसे उतरवा. चौदा मुलं सात दिवसांत होतील.

याच बोलण्यात गुरुजींचं ‘घरूनच कच्ची’ही तपासून घ्या. विचारा, ‘५२ रुपये नेलेस, २८ चं सामान आणलंस, किती उरले?’ कागदावर ३६ लिहिणारी काही मुलं तोंडी अचूक २४ सांगतील : तीस गेले बावीस, दोन जास्त गेले म्हणून चोवीस. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबद्दल १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं : बाजारात अचूक हिशेब, कागदावर तेच उदाहरण चूक. अशी मुलं घरून कच्ची आलेली नसतात, त्यांच्या हिशेबाची आणि शाळेच्या मांडणीची गाठच पडलेली नसते. जी तोंडीही अडतात त्यांना जास्त वेळ लागेल, एवढाच अर्थ काढा.

आता शिकवणं. मोठ्यातून लहान वजा करणाऱ्या गटासाठी काड्या लागतील. खराट्याचे हीर बोटभर लांबीचे तोडून घ्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या आणा. दोन मुलांत ६० काड्या, म्हणजे सात जोड्यांना ४२०. रबरबँड ४२ लागतात, पण तुटतात, म्हणून ६० ठेवा. पहिल्या दिवशी मुलांनीच मोजून दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. तुम्ही बांधून दिलेत तर गठ्ठ्यात दहा आहेत यावर विश्वास ठेवायला त्यांच्याकडे काही कारण नसतं. दुसऱ्या दिवशी जोडीतल्या एकाने पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडायच्या, दुसऱ्याने म्हणायचं, ‘मला २८ दे.’ सुट्या आठ देता येत नाहीत म्हटल्यावर मूल थांबतं. इथे तुम्हीही थांबा. मिनिटभराने कुणीतरी रबर काढतंच. त्या क्षणी वर्गाला ते दाखवा आणि विचारा, ‘आता गठ्ठे किती, सुट्या किती?’ चार आणि बारा. अजून ५२च आहेत ना, हेही मोजून घ्या. तिसऱ्या दिवशी एकाने काड्या हलवायच्या आणि दुसऱ्याने त्याच वेळी पाटीवर लिहायचं : रबर निघालं की ५ खोडून ४, २ च्या जागी १२. एक हालचाल, एक खूण. चौथ्या दिवशी काड्यांऐवजी कागदी दहाची नोट आणि रुपयाची नाणी. गठ्ठ्यातल्या दहा दिसतात, नोटेतल्या दिसत नाहीत. ती उडी वेगळी घ्यावी लागते. पाचव्या दिवशी साहित्य मिटलेलं, फक्त प्रश्न : ‘काड्या असत्या तर काय केलं असतंस?’ त्याच दिवशी ५२ − २८ = ३६ हे चुकीचं उत्तर फळ्यावर लिहून मुलांना बेरजेने पडताळायला सांगा. ३६ आणि २८ मिळवले की ६४ येतात, आणि वर्ग आपणहून कुजबुजायला लागतो. सहाव्या दिवशी नवी तपासणी, नवे अंक, उदाहरणार्थ ६१ − ३७.

दुसऱ्या गटाला, दशक कमी करायला विसरणाऱ्यांना, पहिले दोन दिवस लागत नाहीत. त्यांना थेट तिसऱ्या दिवसाच्या कामात घ्या, काड्या हलवणाऱ्याच्या शेजारी लिहिणारं म्हणून. चौथीला या काळात पहिली वीस मिनिटं स्वतंत्र काम द्यावं लागेल. पण आधी तोच तपासणीचा कागद त्यांनाही द्या. तिथेही ३६ आणि ३४ सापडण्याची शक्यता बरीच आहे.

हे फसतं कुठे तेही सांगते. सर्वांत जास्त वेळा, बाई टेबलावर काड्या दाखवतात आणि मुलं लांबून पाहतात. त्याच्या खालोखाल, सोमवारी काड्या आणि मंगळवारी उभी मांडणी, दोन्हींचा एकमेकांशी संबंध मुलांना लागतच नाही. तिसरी गोष्ट आपल्या बोलण्यातली : ‘शेजाऱ्याकडून एक उसना घेतला.’ तो एक नसतो, दहा असतात, आणि उसनंही काही नसतं, कारण कुणी परत करत नाही. ‘दशक सुटा केला’ म्हणा, काड्यांशी जुळतं. ‘लहानातून मोठं जातच नाही’ हेही टाळा. सहावीत ऋण संख्या आल्या की तेच वाक्य खोटं ठरतं. ‘आत्ता सुटे पुरत नाहीत’ एवढं पुरे. आणि ती रोजची दहा उदाहरणं सध्या बंद करा. चुकीची रीत असलेलं मूल घरी दहा वेळा चुकीचाच सराव करतं. दोनच द्या, पडताळ्यासह.

आता एकत्र बसण्याचं. केंद्रातली, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातली, तुमच्यासारखी एक किंवा दोघी जणी शोधा, जास्त नकोत. एक विषय ठरवा, हीच वजाबाकी चालेल. तासभर बसून फक्त एका तासिकेची आखणी करा : कुठलं उदाहरण, मुलं काय काय उत्तरं देतील, प्रत्येकावर आपण काय विचारू. एकीने तो तास घ्यायचा, बाकीच्यांनी बाईंकडे नव्हे तर मुलांकडे पाहायचं, प्रत्येकीने दोनच मुलं वाटून घ्यायची. नंतर पाऊण तास बोलायचं ते फक्त त्या मुलांबद्दल. मग आखणी सुधारून दुसऱ्या मैत्रिणीच्या शाळेत तोच तास. जपानमध्ये शिक्षक पिढ्यानपिढ्या हेच करत आलेत. आपल्याकडे याचा बघता बघता ‘नमुना पाठ’ होतो : आदल्या दिवशी मुलांकडून पाठ करून घेणं, रंगीत तक्ते, आणि शेवटी फलकलेखनावर शेरे. अक्षर, आवाज, साडी यांतलं काहीही चर्चेत येणार नाही, असं आधीच ठरवून घ्या. जाणं-येणं जमत नसेल तर मोबाइलवर दहा मिनिटांचं चित्रण पुरतं. मुलांच्या हातांचं आणि पाट्यांचं घ्या, चेहऱ्यांचं नको, आणि ते कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. वेळ कुठून आणायचा? दरमहा केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद असतेच. केंद्रप्रमुखांना लेखी विचारा की त्यातला एक तास तिसरीच्या वजाबाकीसाठी मिळेल का, मांडणी आम्ही करू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. तो आकडा अर्जात घाला. परिषदेला कुणीतरी काहीतरी मांडणारं हवंच असतं.

राहिली सेवांतर्गत प्रशिक्षणं. राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र असं खाली येईतो ताकाचं पाणी झालेलं असतं. प्रत्येक पायरीला वेळ कमी होतो आणि पहिली कात्री चर्चेला लागते. खेळ, गाणी आणि पीपीटी तेवढी शाबूत पोचतात. तिथे रिकाम्या हाताने जाऊ नका. मुलांच्या चुकलेल्या वह्यांतली दोन पानं (नावं झाकून) घेऊन जा आणि सुलभकांना, म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्या मार्गदर्शकांना, विचारा, ‘या मुलाला उद्या काय देऊ?’ चांगला सुलभक खुलतो. ज्याला उत्तर येत नाही तोही बहुधा चहाच्या वेळी येऊन ते पान पुन्हा बघतो.

सध्या डी.एल.एड. करत असलेल्या वाचकांसाठी थोडंसं. आंतरवासितेत कॉलेजने रजिस्टरं भरायला लावली तरी शाळेत मुलं असतातच. एक मूल निवडा, आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर वाचन किंवा गणित करा आणि ते काय करतं ते लिहीत जा. उतरवून काढलेल्या टाचणांच्या गठ्ठ्यापेक्षा ही वही नोकरीत कामाला येते. आणि प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजच्या इमारतीपेक्षा जुन्या छात्राध्यापकांची पाठ निरीक्षण वही मागून पाहा. शेरे ‘छान, आवाज मोठा हवा’ एवढेच असतील, तर तिथे कुणीही तास पाहत नाही.

स्पर्धा परीक्षेचं तुमचं तुम्ही ठरवा. शिकवण्यात मन नाही म्हणून जायचं असेल तर जा. येत नाही म्हणून जायचं असेल, तर आधी ही एक वजाबाकी पूर्ण करून पाहा. त्याला तीन आठवडे पुरतील.

शेवटचा प्रश्न, वर सांगावं का. हो, पण ‘मुलांना येत नाही’ असं मोघम नको. त्या वाक्याचा अर्थ कुणी ‘बाईंना शिकवता येत नाही’ असा काढतं, कुणी ‘गुरुजींनी दुसरीपर्यंत काही केलं नाही’ असा. अर्धं पान लिहा : १४ पैकी इतकी मुलं मोठ्यातून लहान वजा करतात, इतकी दशक कमी करत नाहीत, इतक्यांना येतं, आणि पुढचे सहा दिवस मी हे करणार आहे. ते पान आधी गुरुजींना दाखवा, त्यांच्या पाठीमागे केंद्रप्रमुखांकडे नको. पहिली-दुसरी त्यांच्याकडे आहे. गठ्ठे बांधणं तिथेच सुरू झालं तर पुढच्या वर्षी तुमचं अर्धं काम वाचेल, आणि हे त्यांना ऐकवण्यापेक्षा त्यांच्याकडे शंभर काड्या मागायला गेलात तर जास्त लवकर जमेल. ऑनलाइन माहितीही वेळेत भरा. ती भरली नाही म्हणून बोलणी खावी लागली, तर बाकीचं करायला डोकं शांत राहत नाही.